सर रोनाल्ड रॉस : डासांचा हिशेब मांडणारा डॉक्टर

विद्यार्थी मित्रांनो, २० ऑगस्ट हा 'जागतिक डास दिन' असतो, हे तुम्हांला माहीत आहे का? डासाचा कसला आलाय दिवस, असं म्हणून तुम्ही हसाल. पण १८९७ साली याच तारखेला आपल्या देशात, सिकंदराबादला, एका डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली एका डासाचं पोट तपासलं आणि हजारो वर्षं न सुटलेलं मलेरियाचं कोडं सुटायला सुरुवात झाली. ते डॉक्टर म्हणजे सर रोनाल्ड रॉस.

पुस्तकातला धडा बहुतेक इथेच संपतो. शोध लागला, नोबेल मिळालं, झालं! पण रोग कशामुळे होतो हे कळलं म्हणून रोग जातो का? नाही ना? म्हणून आज आपण रॉस यांचं चरित्र वाचताना थोडं पुढे जाऊ. हिंदी महासागरातल्या मॉरिशस नावाच्या एका लहानशा बेटापर्यंत जाऊ. तिथे आपली कोकणातली माणसंही होती, बरं का!

जन्म आणि शिक्षण

रोनाल्ड रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी हिमालयाच्या कुशीतल्या अल्मोडा या गावी झाला. वडील ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात अधिकारी होते. दहा भावंडांत रोनाल्ड थोरले. आठ वर्षांचे झाल्यावर त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं गेलं.

मुलाला चित्रं काढायला, कविता करायला आवडायचं. गणिताचीही ओढ होती. डॉक्टर व्हायचं मात्र त्यांच्या मनात अजिबात नव्हतं. पण वडिलांनी ठरवलं आणि १८७४ साली त्यांना लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकीय शिक्षणासाठी घातलं. अभ्यासात त्यांचं मन फारसं रमलं नाही. कसंबसं शिक्षण पुरं करून १८८१ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले आणि भारतात आले.

मद्रास, बंगळूर, ब्रह्मदेश, अंदमान अशा ठिकाणी त्यांच्या बदल्या होत गेल्या. काम बेताचंच असायचं. उरलेल्या वेळात ते कविता आणि कादंबऱ्या लिहीत आणि एकट्यानेच गणिताची पुस्तकं सोडवत बसत. हे गणित लक्षात ठेवा. पुढे ते कामाला येणार आहे.

बंगळूरचं पिंप

१८८३ सालची गोष्ट. बंगळूरला रॉस यांच्या बंगल्यात डासांचा फार सुळसुळाट झाला होता. इतर घरांपेक्षा आपल्याच खोलीत एवढे डास का, म्हणून त्यांनी शोध घेतला. खिडकीबाहेर पाण्याचं एक पिंप होतं. आत वाकून बघतात तर पाण्यात अळ्या वळवळत होत्या! त्यांनी पिंप उलटं केलं. थोड्याच दिवसांत खोलीतले डास कमी झाले.

हाच उपाय सगळीकडे करू, असं त्यांनी छावणीतल्या अधिकाऱ्याला सुचवलं. पण त्याने ते मनावर घेतलं नाही. निसर्गाने डास निर्माण केले आहेत तर ते सोसले पाहिजेत, असा काहीसा त्याचा विचार होता. डास आणि मलेरिया यांचा संबंध तेव्हा रॉस यांनाही ठाऊक नव्हता. पण एक गोष्ट त्यांना समजली. साठलेलं पाणी हटवलं की डास हटतात, आणि एकट्याने आपल्यापुरतं पाणी हटवून भागत नाही.

डासांचा माग

तेव्हा लोकांना वाटायचं की मलेरिया दलदलीतून येणाऱ्या घाणेरड्या हवेमुळे होतो. 'मलेरिया' या शब्दाचा मूळ अर्थच मुळी 'वाईट हवा' असा आहे. १८८० मध्ये लाव्हेरान या फ्रेंच डॉक्टरांनी अल्जीरियात रोग्याच्या रक्तात मलेरियाचे परजीवी पाहिले. पण ते रक्तात येतात कुठून, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

१८९४ मध्ये रजेवर लंडनला गेले असताना रॉस यांची पॅट्रिक मॅन्सन यांच्याशी भेट झाली. हत्तीरोगाचे जंतू डासाच्या शरीरात वाढतात, हे मॅन्सन यांनी चीनमध्ये असताना दाखवलं होतं. मलेरियातही डासाचाच हात असणार, असं त्यांनी रॉस यांच्या मनावर बिंबवलं. इथून रॉस यांचं आयुष्य बदललं.

१८९५ पासून सिकंदराबादला ते डास चिरून तपासू लागले. दोन वर्षं हाती काहीच लागलं नाही. ते तपासत होते ते डास दुसऱ्याच जातींचे होते. मध्येच त्यांना स्वतःला मलेरिया झाला. ऑगस्टच्या उकाड्यात पंखा लावायची सोय नव्हती, कारण वाऱ्याने डास उडून जायचे. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. तशातही काम चालूच.

शेवटी पंखांवर ठिपके असलेले थोडे डास मिळाले. हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाला ते चावू दिले. एका डासामागे एक आणा त्याला मिळाला. आज असा प्रयोग कुणाला सहजासहजी करू देणार नाहीत, पण त्या काळी असे नियम नव्हते. चार दिवसांनी, २० ऑगस्टला, त्यातल्या एका डासाच्या पोटाच्या भिंतीत रॉस यांना काळसर कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. मलेरियाचे परजीवी डासात वाढत होते! ठिपकेदार पंखांचा हा डास म्हणजे ॲनाफेलिस.

आता पुढचं पाऊल टाकायचं, तेवढ्यात बदलीचा हुकूम आला. राजपुतान्यातल्या खेरवाड्याला त्यांचे काही महिने तसेच गेले. १८९८ मध्ये कलकत्त्याला आल्यावर पुन्हा काम सुरू झालं. पण प्लेगच्या लसीच्या धास्तीने लोक बोटाला सुई टोचू देईनात. मग रॉस यांनी चिमण्यांसारखे पक्षी घेतले, कारण पक्ष्यांनाही त्यांचा वेगळा मलेरिया होतो. मोहम्मद बक्ष हा त्यांचा मदतनीस डास पकडून आणायचा आणि पाळायचाही. जुलै १८९८ मध्ये परजीवी डासाच्या लाळग्रंथीत पोचलेले दिसले. म्हणजे डास चावतो आणि लाळेबरोबर रोग सोडतो. त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचा मलेरिया ॲनाफेलिस डासामुळेच पसरतो, हे सिद्ध केलं.

१९०२ साली रॉस यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. हा मान मिळवणारे ते पहिले ब्रिटिश. पण खरा शोध कुणाचा, यावरून ग्रासी यांच्याशी त्यांचं जे भांडण जुंपलं ते कित्येक वर्षं मिटलं नाही. रॉस स्वभावाने तापट आणि मानी होते. मोठ्या माणसांतही असे दोष असतात, ते झाकायचं कारण नाही.

मॉरिशसवरचं संकट

आता चला मॉरिशसला. मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरहून दूर, चहूबाजूंनी समुद्र. आपल्या पुणे जिल्ह्याचे आठ भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढंच हे बेट. पूर्वी त्याची ख्याती निरोगी जागा म्हणून होती. तिथे मलेरियाचं नाव नव्हतं.

बेटावर उसाचे मळे होते. त्यांत राबण्यासाठी १८३४ पासून भारतातून करारावर मजूर नेले जात. बिहारमधले सर्वांत जास्त, दक्षिणेकडचे तमिळ आणि तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी-सावंतवाडीकडचे मराठी लोकही. आज मॉरिशसमध्ये मराठी शाळेत शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, ती या मजुरांच्या वंशजांमुळे.

मजूर आले, माल आला, जहाजं वाढली. जहाजांतून कधीतरी ॲनाफेलिस डास येऊन पोचला. कुणाच्या तरी रक्तातून परजीवीही आला. दोघांची गाठ पडली. १८६६-६७ मध्ये बेटावर तापाची अशी साथ उसळली की १८६७ या एकाच वर्षात चाळीस हजारांच्या आसपास माणसं मेली. तेव्हा बेटाची लोकसंख्या चार लाखसुद्धा नव्हती! आता तुम्हीच हिशेब करा.

एवढा कहर का झाला असेल? विचार करा. बेटावरच्या लोकांना हा ताप आधी कधी आलेला नव्हता. त्यामुळे कुणाच्याच अंगात प्रतिकारशक्ती नव्हती. लहान, म्हातारे, धडधाकट, सगळेच सापडले. दूरच्या बेटांवर नवा रोग पोचला की असं होतं. त्यात पळून जायलाही जागा नसते.

पैसेवाल्यांनी पोर्ट लुईसची घरं सोडली आणि ते वर, क्यूरपीपसारख्या थंड पठारी भागात राहायला गेले. तिथे डास कमी होते. मळ्यांतल्या वस्त्यांमधल्या मजुरांना कुठे जाता येणार? ते खालीच राहिले. साथ ओसरली, पण ताप गेला नाही. दरवर्षी तो यायचा, मुलांना पोखरायचा आणि हे असंच चालायचं म्हणून लोकांनी ते मान्य करून टाकलं. अशी चाळीस वर्षं गेली.

पाणथरी मोजणारे डॉक्टर

१९०७ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश सरकारने रॉस यांना मॉरिशसला पाठवलं. मुक्काम जेमतेम तीन महिन्यांचा. एवढ्यात काय होणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण रॉस यांनी आल्या आल्या एक साधा प्रश्न घेतला. रोग नेमका कुठे आहे आणि किती आहे?

मृत्यूच्या नोंदींवर त्यांचा भरवसा नव्हता. कुठलाही ताप 'ताप' म्हणूनच लिहिला जायचा. तेव्हा त्यांनी मुलांच्या पाणथऱ्या तपासायला घेतल्या. पाणथरी म्हणजे प्लीहा, पोटात डाव्या बाजूला बरगड्यांखाली असते. निरोगी मुलाची पाणथरी बाहेरून हाताला लागत नाही. पण वरचेवर मलेरिया होणाऱ्या मुलाची पाणथरी सुजते, मोठी होते आणि पोट दाबून बघितलं की कळते. ना सुई, ना औषध, ना खर्च. मूल आडवं करायचं, हात लावायचा आणि वहीत लिहायचं.

शाळांमधल्या आणि मळ्यांवरच्या हजारो मुलांची अशी तपासणी झाली. आकडे नकाशावर मांडल्यावर चित्र समोर आलं. उंच थंड भागात सुजलेल्या पाणथऱ्या कमी, सखल भागातल्या मळ्यांवर आणि पाणथळ जागांजवळ जास्त. म्हणजे अख्ख्या बेटाला शाप वगैरे काही नव्हता. रोगाचे ठरावीक पत्ते होते, आणि पत्ता कळला की तिथे जाता येतं.

एकूणएक डास मारावा लागतो का?

तेव्हा बरेच जाणते लोक रॉस यांना हसायचे. अहो, जगातले डास कोण मारून संपवणार? एक डबकं बुजवलं तर दुसरीकडून डास येतील! आक्षेप बरोबर वाटतो ना? रॉस यांनी त्याचं उत्तर गणिताने दिलं. त्याची सुरुवात मॉरिशसच्या अहवालातच दिसते.

आपण सोप्या आकड्यांत बघू. एका गावात मलेरियाचे १०० रोगी आहेत. ते बरे होईपर्यंत त्यांच्यापासून डासांमार्फत ११० जणांना लागण झाली, तर पुढच्या फेरीत १२१, मग १३३. रोग वाढतच जाणार. पण जर १०० रोग्यांपासून ९० जणांनाच लागण झाली तर? पुढे ८१, मग ७३, मग ६६. रोग हळूहळू विझत जाणार. गावात डास असले तरीसुद्धा!

आता डासाच्या बाजूने बघा. त्याचं कामही काही सोपं नाही. आधी रोग्याला चावायचं. मग परजीवी तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात, तेवढे दिवस जगायचं. मग पुन्हा एका निरोगी माणसाला गाठायचं. रॉस यांनी ढोबळ मानाने असं धरलं, की चार डासांतल्या एकालाच माणसाला चावायला मिळतं आणि तीन डासांतला एकच तेवढे दिवस जगतो. अशी गळती धरून त्यांनी हिशेब केला. त्यांच्या उदाहरणात माणशी साधारण ४० डासांच्या खाली संख्या गेली की मलेरिया टिकत नाही, असं उत्तर निघालं. हा आकडा प्रत्येक गावात तोच असेल असं नाही. पण मुद्दा पक्का झाला. शेवटचा डास मारायची गरज नाही. डास एका मर्यादेखाली आणले आणि तिथेच दाबून ठेवले की पुरतं.

तरुणपणी रिकाम्या वेळेत केलेलं गणित कामाला आलं ते असं! साथीच्या रोगांचं गणित आज सगळ्या जगात मांडलं जातं. त्याचा पाया घालणाऱ्यांत रॉस यांचं नाव घेतात.

सल्ला आणि त्यानंतरची चाळीस वर्षं

रॉस यांनी दिलेला सल्ला साधाच होता. ओढ्यांचे काठ साफ करा, पाणथळ जागांना चर खणा, डबकी बुजवा. त्यासाठी कायमची माणसं नेमा, कारण एकदा करून सोडून देण्याचं हे काम नाही. शाळांत आणि मळ्यांवर मुलांना क्विनाईन द्या. आणि दरवर्षी पाणथऱ्या मोजा, म्हणजे काम होतंय की नुसता खर्च होतोय, हे कळेल.

१९०८ च्या सुरुवातीला ते परत गेले. मग काय, मॉरिशसचा मलेरिया संपला? नाही हो. थोडं काम झालं, थोडं राहिलं आणि रोग चालूच राहिला. १९११ मध्ये रॉस यांना 'सर' ही पदवी मिळाली. १९२६ मध्ये लंडनला त्यांच्या नावाची संशोधन संस्था आणि रुग्णालय उभं राहिलं. १६ सप्टेंबर १९३२ रोजी ते वारले, तेव्हाही मॉरिशसच्या मळ्यांवरची मुलं तापाने फणफणतच होती.

१९४९ मध्ये तिथे डीडीटीची मोठी मोहीम सुरू झाली. घराघरांत फवारणी झाली. मलेरिया पसरवणाऱ्या दोन मुख्य डासांपैकी एक जात बेटावरून नाहीशी झाली. दुसरी उरली. तरीही मलेरिया संपत गेला आणि १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मॉरिशस मलेरियामुक्त असल्याचं जाहीर केलं. डास शिल्लक, पण रोग नाही! रॉस यांचं गणित खरं ठरलं.

पण गोष्ट इथेही संपत नाही. १९७५ मध्ये बेटाला मोठं चक्रीवादळ धडकलं. ठिकठिकाणी पाणी साठलं, बाहेरून आलेल्या माणसांबरोबर परजीवी आला आणि १९८२ मध्ये पुन्हा साथ झाली. परत सगळं पहिल्यापासून करावं लागलं. १९९० च्या दशकाच्या शेवटी रोग पुन्हा हटला. आजही मलेरिया असलेल्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांवर तिथलं आरोग्य खातं लक्ष ठेवून असतं. बेट स्वच्छ करता येतं, पण बंदर आणि विमानतळ काही बंद ठेवता येत नाहीत.

२००५-०६ मध्ये याची पुन्हा आठवण झाली. या वेळी डास वेगळा होता, दिवसा चावणारा एडिस, आणि रोग होता चिकनगुनिया. शेजारच्या रियुनियन बेटावर साधारण तीन माणसांतल्या एकाला तो झाला. मॉरिशसलाही झळ पोचली. त्याच सुमारास आपल्या महाराष्ट्रातही चिकनगुनियाची मोठी साथ आली होती. घरी आजी-आजोबांना विचारून बघा. सांधे कसे धरले होते, ते त्यांना नक्की आठवत असेल.

आपण काय घ्यायचं?

मित्रांनो, परीक्षेत तुम्हांला विचारतील, मलेरियाच्या डासाचा शोध कुणी लावला? उत्तर तुम्हांला येतंच. पण त्या शोधानंतर मॉरिशसचा मलेरिया पहिल्यांदा हटायला पंचाहत्तर वर्षं लागली, हेही लक्षात असू द्या. या पंचाहत्तर वर्षांत कारण माहीत होतं, उपाय माहीत होता, हिशेबही मांडून ठेवलेला होता. कमी पडलं ते रोजचं, कंटाळवाणं, न सोडता करायचं काम. आणि त्याची किंमत मोजली ती मळ्यांवरच्या मुलांनी.

आपल्याकडे आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात. का, ते आता सांगता येईल ना? अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. त्याच्या आत पाणी ओतून टाकलं की अळीचा डास होतच नाही. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचं जुनं टायर, अंगणातलं पिंप या जागा बघा. पिंप रिकामं करणं शक्य नसेल तर घट्ट झाका. विहिरीत किंवा हौदात गप्पी मासे सोडा.

या रविवारी एक काम करा. वही-पेन घ्या आणि आपल्या गल्लीतली पाणी साठलेली ठिकाणं मोजा. किती ठिकाणी अळ्या दिसल्या, तेही लिहा. मोठ्या माणसांना सोबत घेऊन ती रिकामी करा. पुढच्या रविवारी परत मोजा, आणि त्याच्या पुढच्याही. आकडा कमी होतोय का, ते बघा. कमी झाला तर तो तक्ता वर्गात लावू. वाढला तरीही लावू, कारण मग पुढे कुठे जायचं ते आपल्याला कळेल.